गुगल अर्थमध्ये पंचगंगेचा पूर भलत्याच जागी, तोही लाल

नकाशावाला:
पूररेषेचा लेयर आमच्या वेब नकाशावर व्यवस्थित दिसतो. गुगल अर्थ प्रोमध्येही बघता यावा म्हणून ईपीएसजी ३२६४३ (मीटरमधली यूटीएम निर्देशांक पद्धत) मधला डेटा ४३२६ (अंशांतले अक्षांश-रेखांश) मध्ये नेऊन स्क्रिप्टने केएमएल (गुगल अर्थची नकाशा-फाइल) काढली. अख्खा पूर नॉर्वेच्या वर, बेअर बेटाजवळ समुद्रात गेलाय. एका चाचणी फाइलमध्ये जागा हाताने दुरुस्त केली, उंची धोका पातळीची, म्हणजे ४३ फुटांचे १३.१ मीटर दिले आणि मोड अ‍ॅब्सोल्यूट (उंची समुद्रसपाटीपासून मोजणारा) ठेवला. नाव डावीकडच्या यादीत येतं, नकाशावर काहीच नाही. उंची काढल्यावर दिसला, पण निळ्याऐवजी लाल. आणि गट नंबरांचा लेयर जोडला की मशीन गोठतं.

यूटीएम४३:
भावा, कोल्हापूर साधारण १६.७ उत्तर, ७४.२ पूर्व. आकडे उलटे पडले की १६.७ पूर्व, ७४.२ उत्तर, म्हणजे थेट आर्क्टिक. केएमएलमध्ये क्रम कायम रेखांश, अक्षांश, उंची. स्वल्पविरामानंतर स्पेस नको, कारण स्पेस आली की पुढचा बिंदू सुरू झाला असं धरलं जातं. डब्ल्यूएमएस (सर्व्हरकडून नकाशाचं चित्र मागवायची पद्धत) १.३.० मध्ये ४३२६ ला अक्षांश आधी लागतो, तिथली सवय इकडे आली की हा गोंधळ होतोच.

४३ फूट हे पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीवरचं माप, समुद्रसपाटीपासूनचं नव्हे. शहराची जमीनच साडेपाचशे मीटरच्या आसपास. तुमचं पाणी जमिनीखाली पाचशे मीटरवर पडून आहे! उंची काढलीत ते बरोबर, मोडही क्लॅम्प टू ग्राउंड (जमिनीला चिकटवणारा) करा. पूररेषा नुसती लाइन असेल तर टेसलेट (रेषा जमिनीच्या चढउतारांवरून नेणारा पर्याय) १ द्या, नाहीतर दोन बिंदूंमधला तुकडा चढावर जमिनीत घुसतो.

रंगपेटी:
केएमएलमध्ये रंगाच्या आठ अक्षरांत पहिली दोन अपारदर्शकतेची, मग निळा, हिरवा, शेवटी लाल. वेबचा लाल-हिरवा-निळा क्रमाचा कोड जसाच्या तसा चिकटवला की निळ्याचा लाल होणारच. पुराला अपारदर्शकता ८० द्या. हा हेक्स (१६ च्या पायाचा) आकडा आहे, २५५ पैकी १२८, म्हणजे साधारण निम्मी. खालची सुतारवाड्यातली घरं दिसायला हवीत.

गावांची नावं जुन्या फॉन्टात टाइप केलेली असतील तर आधी युनिकोडमध्ये आणा. फाइल यूटीएफ-८ केल्याने ती आपोआप सुधारत नाहीत.

टाइल्सवाला:
गट नंबर एका फाइलमध्ये कोंबू नका. जिओसर्व्हर (नकाशे पुरवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर) असेल तर लेयरचा डिक्लेअर्ड एसआरएस (निर्देशांक पद्धत) ३२६४३ आहे का तपासा, बाउंडिंग बॉक्स (लेयरची चौकट) पुन्हा काढा आणि केएमएल रिफ्रेश मोडने मागवा. कॅमेरा थांबला की दिसतो तेवढाच भाग येतो. केएमस्कोर (चित्र की आकार हे ठरवणारा आकडा) ० ठेवलात तर नुसतं चित्र येतं, १०० ला सगळं व्हेक्टर, म्हणजे रेषा आणि आकार. गट नंबरांना लांबून चित्रच बरं. फाइल स्वतः बनवत असाल तर प्रत्येक तुकड्याला रीजन (त्याची हद्द) आणि पडद्यावर ती किमान १२८ पिक्सेलची झाली तरच दिसायची अट घाला.

नकाशावाला:
पूर जागेवर आला, निळाही झाला. रिफ्रेशवाली लिंक माझ्या पीसीवर चालते, शेजारच्या टेबलावर रिकामी.

टाइल्सवाला:
ती फाइल नोटपॅडमध्ये उघडा. आत लोकलहोस्ट असेल तर शेजारचा पीसी स्वतःलाच नकाशा मागतोय. जिओसर्व्हरच्या ग्लोबल सेटिंगमध्ये प्रॉक्सी बेस यूआरएलला सर्व्हरचा खरा पत्ता द्या आणि लिंक नव्याने काढा. जुनी फाइल वाटली असेल तर परत मागवा, त्यात जुनाच पत्ता आहे.