सिनेमा कुठला ते सांगा, पण बघितला कुणाबरोबर तेही सांगा

किती तारे द्यायचे हे सगळीकडे चालूच असतं. इथे जरा वेगळं लिहूया. गेल्या दोन-तीन वर्षांत पाहिलेला असा सिनेमा किंवा मालिका, जी शेजारच्या माणसामुळे वेगळी दिसली. शेवट फोडू नका, एवढंच.

सुरुवात मीच करतो. वडील ग्रामसेवक म्हणून निवृत्त झाले. (आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, ते नाव त्यांच्या तोंडात काही बसत नाही.) जून २०२५ मध्ये 'पंचायत'चा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या सचिवावरच्या हिंदी वेबमालिकेचा, चौथा सीझन आला तेव्हा म्हटलं, यांना पहिल्यापासून दाखवू. पहिले दोन भाग त्यांनी तपासणीला आलेल्या बीडीओसारखे (गटविकास अधिकाऱ्यासारखे) बघितले. "याची घरपट्टीची वसुली कधी दाखवणार? याला मार्चएंड नाही का? नमुना आठ कुठाय?" सचिवजी ऑफिसातच राहतो हे मात्र पटलं, कारण ते स्वतः दीड वर्ष कार्यालयामागच्या खोलीत राहिलेले.

नावापुरती प्रधान असलेली मंजूदेवी झेंडावंदनासाठी राष्ट्रगीत पाठ करते तिथे आई हसली, वडील नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "आमच्या एक सरपंचबाई होत्या. सभेचं प्रोसिडिंग मी सहीला घरी न्यायचो. मालक दारातच घ्यायचे आणि आतून सही आणून द्यायचे. पाच वर्षं. बाईंचा आवाज मी ऐकलेला नाही." मालिका तिथेच थांबली, चहा झाला. चौथ्या सीझनपर्यंत आम्ही अजून पोचलेलो नाही. माझं विचाराल तर पुढेपुढे मालिकेतल्या फुलेरा गावात राजकारण वाढलं आणि पंचायत उरली नावाला.

*

'स्थळ', नवऱ्याबरोबर, नागपूरला, मार्च २०२५. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती.

सुरुवातीच्या स्वप्नात मुलाला बसवून बायका प्रश्न विचारतात, तिथे सगळे हसले. मग खऱ्या पाहण्या सुरू होतात. डोंगरगावची सविता, समोर पाहुणे, आणि नाव काय, शिक्षण किती, उंची किती. पहिल्या पाहणीलाही हशा होता, दुसऱ्या वेळी कमी. पुन्हा तेच प्रश्न त्याच क्रमाने आले तेव्हा कुणी खोकललंही नाही. सविता आणि तिच्या प्राध्यापकाचं प्रकरण कुठे जाणार हे मला आधीच कळलं होतं, तेवढं सोडलं तर एक दृश्य खोटं वाटलं नाही. शिवाय तो कापसाचा भाव! आमच्याकडे लग्नाची तारीख आणि कापसाचा भाव एकाच बैठकीत निघतात.

परतताना सिग्नलला नवऱ्याने मान वळवून विचारलं, "मी काय विचारलं होतं गं तुला?"

"काहीच नाही. तुमच्या काकांनी चालून दाखव म्हटलं. तुम्ही मोबाइल पाहत होते."

सिग्नल सुटला, मागचे हॉर्न मारायला लागले, तरी गाडी जागची हलेना.

*

वरचं वाचून माझ्या आत्याला पाठवलं. तिचं उत्तर: "मला तर केस सोडून दाखवायला लावले होते."

*

मूळ कुडाळकडचा, आता डोंबिवलीत. 'दशावतार' बाबांना घेऊन पाहिला, सप्टेंबर २०२५ मध्ये, पहिल्याच रविवारी. बाबांनी तरुणपणी जत्रांमधल्या दशावतारी नाटकांत पायपेटी वाजवलेली, त्यामुळे माझ्या पोटात गोळा. पडद्यावर दिलीप प्रभावळकरांचा दशावतारी नट बाबुली मेस्त्री रंग लावायला बसला आणि बाबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. प्रभावळकर एक्याऐंशीचे आहेत हे मी त्यांना मध्यंतरात सांगितलं. "मगे? आमचो राजा सत्तराव्या वर्षी मुकुट घालून रातभर उभो ऱ्हवायचो," हे उत्तर.

माझं मत असं, की पूर्वार्धातला बाप-लेक अप्रतिम आणि उत्तरार्धात सिनेमा सूड घ्यायला घाई करतो. खाणीचा विषय आहे, तो एका खलनायकावर भागवायला नको होता. शिवाय काहींची मालवणी दादर ओलांडून आल्यासारखी वाटली. बाबांचं मत वेगळंच. त्यांना गोष्टीशी फारसं देणंघेणं नव्हतं. घरी आल्यावर माळ्यावरून ट्रंक काढायला लावली. आत जुने चाळ होते, चामड्याचा पट्टा कडक झालेला. दोन दिवस खोबरेल तेल लावत बसले होते.

*

'नाच गं घुमा'ला आमच्या कामाच्या ताईंना घेऊन गेले होते. चांगुलपणा दाखवायला गेले, खोटं कशाला बोलू. मुक्ता बर्वेची राणी चिडायला लागली की मी खुर्चीत खाली खाली. नम्रता संभेरावच्या आशाला उशीर झाला की ताई टाळ्या पिटायच्या. बाहेर पडताना म्हणाल्या, "बघितलं ना वहिनी? उद्या मी उशिरा येणारे."

*

आईने १७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, दहावी केली, चव्वेचाळीसाव्या वर्षी. बीजगणितात एकदा गेली, पुन्हा बसली. 'आता थांबायचं नाय!' १ मे २०२५ ला लागला. मुंबई महापालिकेचे चतुर्थ श्रेणी कामगार रात्रशाळेत जाऊन दहावीला बसतात, ही खरी घडलेली गोष्ट. मी भरत जाधवला बघून डोळे पुसत होते. आई कोरडी ठणठणीत.

"आवडला नाही का?"

"चांगलाय की. पण यांना वर्ग होता, सर होते, डबा खायला सोबत होती. मी तुझा अभ्यास घेते म्हणून तुझंच पुस्तक वाचायचे."

मला इतकी वर्षं वाटायचं ती माझा अभ्यास घेत होती.

*

'ॲडोलेसन्स', तेरा वर्षांच्या मुलाला खुनाच्या संशयावरून पकडतात ती ब्रिटिश मालिका. चारच भाग, प्रत्येक भाग एकाच सलग शॉटमध्ये. मेथी निवडत लावली होती. तिसरा भाग संपला तेव्हा जुडी मांडीवर तशीच. कौतुक शॉटचं करतात सगळे, पण कॅमेरा हलतोय हेच विसरायला झालं हे खरं कौतुक. माझा मुलगाही तेरा वर्षांचा. त्याला विचारलं, त्या इमोजींचे असे अर्थ खरंच असतात का रे? त्याने खोलीचं दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी आपणहून येऊन बसला आणि मोबाइल उघडून एकेक सांगितला. तीन मला अजून कळलेले नाहीत.

*

मी एकटाच पाहिला. 'सबर बोंडं', पुण्यात, रात्री उशिराचा शो, थिएटरात आम्ही नऊ जण. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात २०२५ चं, जागतिक कथापट विभागातलं परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालेला मराठी सिनेमा, आणि नऊ जण. पार्श्वसंगीत नाही, त्यामुळे मागच्याच्या पॉपकॉर्नचा आवाजही सिनेमाचाच वाटायला लागला. वडील गेल्यावर आनंद गावी येतो, सुतकाचे दहा दिवस, आणि जो तो विचारतो लग्न कधी. त्याचा जीव गावातल्या बालमित्रावर, पुरुषावर. त्याच्या आईला माहीत असतं. माझ्या आईला मी अजून सांगितलेलं नाही.

बाहेर आल्यावर तिचाच फोन. कुठला पिक्चर? म्हटलं, गावाकडचा, सबर बोंडं.

"अय्या, फड्या निवडुंगाची! आम्ही रानात खायचो. आधी मातीत घासून घासून बारीक काटे काढायचे, नाहीतर जिभेत शिरतात. तोंड लालभडक व्हायचं, मग घरी चोरी लपायची नाही." हसली. मग म्हणाली, "चांगला होता का रे? मला दाखवशील?"

ओटीटीवर येऊ दे म्हणालो.