रोझचा आवाज एकच असतो का?

‘जिप्सी’ या ब्रॉडवेवरच्या संगीत नाटकाच्या 2024 च्या पुनरुज्जीवनात रोझ, म्हणजे मुलींना रंगमंचावर पुढे ढकलणारी आई, म्हणून ऑड्रा मॅक्डोनाल्डला घेणं चुकलंच, तिचा गळा शास्त्रीय सोप्रानोचा (उंच पट्टीचा पाश्चात्त्य स्त्री-आवाज), रोझला दणदणीत छातीचाच आवाज हवा, असं इथल्या चर्चेत दोघातिघांनी लिहिलंय. अर्धं पटतं. 1959 मध्ये ही भूमिका एथेल मर्मनचा आवाज समोर ठेवून बांधली गेली. तो आवाज म्हणजे कर्णाच! पण तेव्हापासून नव्या रोझच्या वेळी अशी कुरकुर अनेकदा झालीय. 2003 मध्ये बर्नाडेट पीटर्सला लोक ‘फार नाजूक’ म्हणाले. त्याआधी 1989 ची टाइन डेली टीव्हीवरच्या पोलीस मालिकेमुळे घराघरात पोचलेली, गायिका म्हणून तिला कोण ओळखत होतं? ब्रॉडवेचा मानाचा टोनी पुरस्कार घेऊन गेली बाई.

मला विचाराल तर सगळा हिशोब रोझच्या शेवटच्या गाण्यावर, ‘रोझेस टर्न’वर आहे. तिथे ती ‘मामा’ या शब्दावर अडखळते, पुन्हा म्हणते, पुन्हा अडते. त्या अडखळण्यात सूर किती गोल लागला याला काडीची किंमत नाही, बाई आतून फुटताना दिसली पाहिजे. ऑड्राचा सूर वरच्या पट्टीत छातीतून मस्तकात सरकतो, हलका होतो हे खरंय, काहींना ते खटकणारच. मला मात्र तिथेच रोझचा ताबा सुटल्यासारखा वाटतो.

बाकी आठवड्याला आठ प्रयोग हे गाणं गायचं म्हणजे गळ्याचं काय होत असेल, देव जाणे. मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या क्लिपवरून निकाल देणाऱ्यांना मात्र कोपरापासून नमस्कार.