214 डोंगर आणि वेनराइट: वारसा पुस्तकांचा की यादीचा?

पायवाट (धागाकर्ता)

यूकेतली बरीच मंडळी इथे आहेत म्हणून काडी टाकतोय. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये डोंगर चढायला गेलात की आल्फ्रेड वेनराइट हे नाव कानावर पडतंच. माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: 1907 चा जन्म, ब्लॅकबर्न, गरीब घर. तेराव्या वर्षी शाळा सुटली, नगरपालिकेच्या ऑफिसात पोऱ्या म्हणून चिकटला आणि परीक्षा देत देत पुढे केंडल गावच्या नगरपालिकेचा खजिनदार झाला. नोव्हेंबर 1952 मध्ये लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांची गाइडबुकं काढायला घेतली ती 1966 ला संपवली, सात पुस्तकं, 214 डोंगर, मजकूर नकाशे चित्रं सगळं हाताने, एकही ओळ छापखान्याच्या अक्षरात नाही. गाडी चालवता यायची नाही त्यामुळे सुट्टीच्या दिवशी बस पकडून जायचा आणि आठवडाभर संध्याकाळी घरी बसून पानं काढायचा.

माझं म्हणणं एवढंच की या माणसाचा वारसा म्हणजे ती पानं. आणि आपण काय केलं तर त्याची टिकमार्कची यादी केली. कुठल्याही कार पार्कात उभे रहा, "तुझे किती झाले?" हेच ऐकू येतं. पुस्तक उघडलेलं नसतं, अ‍ॅप असतं. पटतंय का?

कडेलोट

अजिबात पटत नाही. यादी काय आकाशातून पडली का? 214 डोंगर निवडले कुणी, प्रत्येकाला वेगळं प्रकरण दिलं कुणी? बरं निवडीला काही निकष तरी हवा. स्कॉटलंडच्या मन्रोने 1891 मध्ये यादी केली तेव्हा निदान 3000 फुटांच्या वर असा नियम तरी होता. इथे कॅसल क्रॅग हजार फूटसुद्धा भरत नाही पण साहेबांना आवडला म्हणून घेतला. आणि आता त्या टेकाडावर लोक फक्त आकडा पुरा करायला जातात.

दुसरं, गर्दी. ज्या वाटा मेंढपाळांना ठाऊक होत्या त्या याने घरोघरी पोचवल्या. आज तिथल्या वाटा इतक्या उखडल्यात की फिक्स द फेल्स म्हणून उपक्रम चालवावा लागतो, हेलिकॉप्टरने दगड वर नेऊन पायऱ्यांसारखे बसवतात. एकांत आवडायचा म्हणे! स्वतःचा एकांत भोगून झाला आणि मग पत्ता छापला.

चहाबाज

@कडेलोट, राव जरा तारखा बघा ना. लेक डिस्ट्रिक्ट नॅशनल पार्क झालं 1951 ला, याचं पहिलं पुस्तक 1955 ला. 1970 च्या सुमारास एम सिक्स मोटरवे केंडलच्या बाजूने वर पेनरिथपर्यंत गेला आणि मँचेस्टर लिव्हरपूलची माणसं सकाळी निघून डोंगर करून रात्री घरी जायला लागली, 2017 ला युनेस्कोचा शिक्का बसला, आता वर्षाला दीड कोटीच्या वर लोक येतात, त्यातल्या किती जणांच्या सॅकमध्ये हे पुस्तक असतं ते सांगा. स्काफेल पाइकवर ढीगभर माणसं, का तर तो इंग्लंडमधला सर्वात उंच (978 मीटर), आणि 24 तासांत स्कॉटलंड, इंग्लंड, वेल्स या तिन्हींची सर्वात उंच शिखरं करणारे रात्री हेडटॉर्च लावून तिथे येतात. त्यांना वेनराइट कोण तेही माहीत नसतं. आपल्याकडे हरिश्चंद्रगडावर वीकेंडला तंबूंची वस्ती बसते ती काय कुणी हाताने लिहिलेल्या पुस्तकामुळे?

जुना खिळा

गर्दीचं तुम्ही बघा, मी छापखान्याच्या घरातला आहे, मला पानांवर बोलायचंय.

खिळे जुळवायच्या काळात पुस्तक करायचं म्हणजे जुळारी, प्रुफं, चित्रांचे वेगळे ब्लॉक, हजार भानगडी. याने सरळ पान तयार करूनच छापखान्यात दिलं, पानाचा ब्लॉक करा आणि छापा. पण म्हणून घाईचं काम नाही हां. सुरुवातीला कितीतरी पानं झाल्यावर त्याला वाटलं की मजकुराची उजवी कड वेडीवाकडी दिसते, तर तेवढं सगळं काम बाजूला टाकून पुन्हा पहिल्यापासून बसला! हाताने लिहिताना दोन्ही कडा सरळ आणायच्या म्हणजे ओळ लिहायच्या आधी शब्दांमधल्या जागा डोक्यात मोजायच्या, आणि ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा नाही. करून बघा एक पान.

आणि चढाईची ती पानं. खाली गाव, शेताच्या दगडी भिंती, फाटक, ओढा, हे सगळं नकाशासारखं वरून बघितलेलं, आणि नजर वर वर जाते तसा नकाशाचं हळूहळू चित्र होत जातं, कडे उभे राहायला लागतात आणि पानाच्या माथ्यावर शिखर समोरून दिसतं. स्केल एक धरलेलं नाही पण चालणाऱ्याला कुठे वळायचं ते बरोब्बर कळतं. याला नाव काय द्यायचं मला माहीत नाही. जागेवर बसून काढायचा नाही, फोटो काढून आणायचा आणि घरी पेन-शाईने रेघा ओढायचा, त्यावरून काही चित्रकार नाक मुरडतात. मुरडू देत.

पैशाचंही ऐका. पहिल्या पुस्तकाच्या 2000 प्रतींचं बिल 950 पौंड आणि याच्याकडे होते 35. छापखानेवाल्याने विक्री होईल तसे द्या म्हणून सांगितलं. स्वतः खजिनदार असून असला हिशोब!

उंबरठा

सगळे कौतुकात बुडालेत म्हणून विचारते, या सगळ्या काळात घरी कोण होतं? 1931 ला रूथशी लग्न झालं, एक मुलगा झाला. नवरा दिवसभर ऑफिसात, संध्याकाळी पानांवर, सुट्टीला डोंगरावर, तेरा वर्षं! शेवटचं पुस्तक आलं आणि थोड्याच काळात ती घर सोडून गेली, 1968 ला घटस्फोट. लिखाणात बायकांवर मारलेले टोमणे आहेत ते वेगळेच. पुस्तकं अर्पण कुणाला, तर एक ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशेखात्याच्या माणसांना, एक दगडी भिंती बांधणाऱ्यांना, एक कुत्र्यांना, एक मेंढ्यांना आणि एक स्वतःच्या दोन पायांना. बायको यादीत नाही. मला हे गंमतशीर वाटत नाही. एकांतप्रिय कलाकार म्हणून मिरवायचं तर त्या एकांताचं बिल कुणी भरलं तेही लिहा.

पायवाट

@उंबरठा ताई, घर मोडलं हे खरंय, नाकारत नाही. पण त्याचा पुस्तकांच्या किमतीशी काय संबंध? माणूस बाजूला ठेवून काम बघता येतंच की. आणि अगदीच माणूसघाणा असता तर पेनाइन वे ही लांबलचक पायवाट पूर्ण चालून येणाऱ्याला ती संपते त्या कर्क येथमच्या पबमध्ये स्वतःच्या खर्चाने बिअर कशाला पाजली असती? रॉयल्टीचा मोठा वाटा मुक्या प्राण्यांच्या आसऱ्यासाठी दिला, केंडलजवळ ते केंद्र त्यातून उभं राहिलं.

उंबरठा

अनोळखी माणसाला बिअर पाजणं सोपं असतं हो, पब दुसऱ्या टोकाला आणि आपण केंडलला. आणि काम वेगळं माणूस वेगळा म्हणता पण या पुस्तकांत पानापानावर तो माणूसच आहे, त्याचे विनोद, त्याची चिडचिड, स्वतःचं पाठमोरं चित्र. ते चालतं तेव्हा वेगळं करायचं नाही आणि अडचणीचं झालं की वेगळं करायचं असं कसं?

चहाबाज

हा मुद्दा बिनतोड आहे. +1

कडेलोट

कोस्ट टू कोस्ट राहिलंच. 1973 ला आयरिश समुद्राकाठच्या सेंट बीजपासून नॉर्थ सीच्या रॉबिन हूड्स बेपर्यंत साधारण 190 मैलांची वाट त्याने नकाशावर जुळवली आणि पुस्तकात वर सांगितलं की तुम्ही आपापली वाट शोधा, माझीच धरून चालू नका. झालं काय? सगळे त्याच वाटेने, गावोगाव बी अँड बी (घरगुती लॉज), बॅगा पुढच्या मुक्कामाला पोचवणाऱ्या व्हॅन, आणि 2022 ला सरकारने नॅशनल ट्रेल करायचं जाहीर केलं. म्हणजे पुस्तक लिहिणाऱ्याचं ऐकत कुणी नाही, रेघ काढली की लोक रेघेवरून चालतात. हे त्याला कळायला हवं होतं, नगरपालिकेत आयुष्य गेलं होतं त्याचं.

तिरपी रेघ

यादीला एवढ्या शिव्या नका देऊ. मी मँचेस्टरला नवीन आले तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं, यादीमुळेच ज्या कोपऱ्यांत एरवी गेलेच नसते तिथे गेले. उत्तरेकडच्या त्या गवताळ गोल टेकड्यांवर आकड्यासाठी म्हणून कुणी गेलं नाही तर दुसऱ्या कशासाठी जाणार! तिथे दिवसभरात माणूस भेटत नाही, म्हणजे यादीने गर्दी वाटूनही दिलीय. आणि आकड्याचा नाद काय आजचा नाही, जॉस नेलर नावाच्या मेंढपाळाने 1980 च्या दशकातच सगळे 214 पळत केले, 7 दिवस 1 तास 25 मिनिटं. त्याला कोण टिकमार्कवाला म्हणेल?

एक विचारायचंय. पुढच्या महिन्यात भाचा येतोय, त्याला सात पुस्तकांचा सेट द्यायचाय. मूळ घेऊ की सुधारलेला?

जुना खिळा

मूळ! ख्रिस जेस्टीने 2005 ते 2009 मध्ये सुधारून काढलेली बघितली मी. वाटा लाल केल्यात आणि बदललेला मजकूर वेनराइटच्या अक्षरासारख्या कॉम्प्युटर फाँटमध्ये. एकाच वळणाचा "अ" वीस वेळा तस्साच दिसला की डोळ्याला खुपतो. हातात दोन "अ" कधी सारखे येत नाहीत.

चहाबाज

खिळेसाहेब, तुम्ही ते खुर्चीत बसून बघता. 1955 ची वाट आज कुंपणाने बंद असेल तर भाचा काय अक्षराचं वळण बघत बसेल? जेस्टी स्वतः सर्व्हेत नकाशे केलेला माणूस, प्रत्येक वाट पुन्हा चालून तपासली, आणि माझ्या पश्चात करा अशी खुद्द वेनराइटचीच संमती होती. त्यानंतर क्लाइव्ह हचबीची तिसरी आवृत्तीही आलीय. अँब्युलन्सला फोन करायची वेळ आली तर लाल रेघच कामाला येईल.

जुना खिळा

वाटेसाठी फोनवर सर्व्हेचा नकाशा आहे की, तो ताजा असतो. पुस्तक पुस्तक म्हणून घ्या ना. 2009 ची वाटही आज जुनीच.

तिरपी रेघ

म्हणजे ठरलं नाहीच 😀 हेस्टॅक्सवर त्याच्या अस्थी आहेत ना, भाच्याला पहिल्यांदा तिथेच न्यायचा विचार आहे. 597 मीटर, जमेल ना कॉलेजच्या पोराला?

कडेलोट

जमेल, बटरमिअरकडून चढा. वर इनॉमिनेट टार्न म्हणून तळं आहे तिथे विखुरल्यात अस्थी, 1991 ला. शनिवार टाळा, पार्किंग सकाळी आठलाच भरतं. कुणामुळे ते विचारू नका.