जुन्या लेन्स विकायच्या आधी

'मिररलेस (आत आरसा नसलेला नवा कॅमेरा) घ्यायचा तर डीएसएलआरच्या, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्याच्या, जुन्या लेन्स आधी विकून टाका' हा सल्ला बरेच जण देतात, तो सरसकट मानू नका. कॅननच्या जुन्या ईएफमध्ये माउंट (लेन्स जिथे बसते ती कडी) ते सेन्सर अंतर ४४ मिमी, मिररलेसच्या आरएफमध्ये २०. मधल्या २४ मिमीत बसणाऱ्या साध्या अडॅप्टरात काच नसते, त्यामुळे दर्जा घटत नाही आणि ऑटोफोकसही चालतो. निकॉनच्या सगळ्याच लेन्सचं तसं नाही. जुन्या लेन्स मिररलेसवर बसवणाऱ्या त्यांच्या एफटीझेड अडॅप्टरात फोकसची मोटरच नाही. लातूर-नांदेडकडे लग्नांत वापरतात त्या जुन्या एएफ-डी लेन्समध्ये स्वतःची मोटर नसते, म्हणून त्या त्यावर हातानेच फोकस कराव्या लागतात. अंतरपाट बाजूला होतो त्या क्षणी ते जमत नाही. त्या खुशाल विका.

मिररलेसमध्ये सोनीचा फुल-फ्रेम (मोठ्या, ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरचा) ए७ २०१३ चा, कॅनन-निकॉन उतरले २०१८ ला. पण सोनीने खरी बाजी मारली ती सिग्मा-टॅमरॉनसारख्या इतर लेन्स कंपन्यांना माउंट खुला ठेवून. कॅननने २०२४ मध्ये दार किलकिलं केलं, तेही एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) लेन्सपुरतं. हे मला ग्राहकावर अन्यायाचंच वाटतं.

मंगल कार्यालयातल्या एलईडीखाली सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटरने फोटोत पट्टे येतात. तिथे मेकॅनिकल शटर, वेग १/५० किंवा १/१०० ठेवा. आणि उन्हाळ्यातल्या आपल्या धुळीत लेन्स बदलताना कॅमेरा बंद, माउंटचं तोंड खाली; आरसा नसल्याने सेन्सर बहुतेक मॉडेलांत उघडाच असतो.