नाटकाच्या डिग्रीसाठी कॉलेज निवडताना नक्की काय बघायचं?

रंगवेडी
पुढच्या वर्षी नाटकाच्या डिग्रीला ॲडमिशन घ्यायचीय, तीन कॉलेजं डोक्यात आहेत. तिन्हीच्या वेबसाइट वाचून काढल्या पण सगळीकडे तेच, मोठं थिएटर, अनुभवी फॅकल्टी, गाजलेल्या माजी विद्यार्थ्यांचे फोटो. फरक काय ते कळतच नाही. मला मुख्य म्हणजे अभिनय करायचाय पण लाइट्समध्येही खूप रस आहे. घरचे विचारतात यातलं चांगलं कुठलं हे तू कशावरून ठरवणार, तर माझ्याकडे धड उत्तर नाही. तिन्ही ठिकाणी एकेक दिवस जाऊन बघायची परवानगी मिळालीय. तिथे काय बघू, कुणाला काय विचारू? ज्यांनी असा कोर्स केलाय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

तिसरी_घंटा
थिएटर किती मोठंय ते राहू दे, आधी एक हिशोब कर. वर्षात विभागाची नाटकं किती होतात, त्यात मिळून भूमिका किती, आणि मुलं किती. समजा ४ नाटकं, प्रत्येकात १० भूमिका, म्हणजे झाल्या ४० जागा, आणि विभागात मुलं १००. त्यातही दर वेळी तीच पाच-सहा नावं असतील तर बाकीच्यांनी तीन वर्षं काय करायचं? गेल्या दोन वर्षांतल्या सगळ्या नाटकांच्या कलाकारांच्या याद्या मागून घे आणि नावं किती वेळा परत येतात ते स्वतः मोज, हे कुठल्याच माहितीपत्रकात सापडणार नाही.

मग कास्टिंगचे नियम विचार. पहिल्या वर्षाला ऑडिशन देता येते का? एमएची मुलं त्याच ऑडिशनला असतात का, कारण असली तर मोठ्या भूमिका बहुतेक तिकडेच जातात. काही ठिकाणी पहिल्या वर्षी मुद्दाम प्रयोगात घेत नाहीत, आधी आवाज आणि शरीर तयार व्हावं म्हणून. ते चुकीचं नाही, पण मग त्या वर्षी वर्गात सीनवर्क भरपूर पाहिजे आणि ते कुणीतरी बसून बघितलं पाहिजे. नियम लिहिलेले असतील तर उत्तमच, आणि "ते सर ठरवतात" एवढंच उत्तर आलं तर मी तरी सावध होईन.

अजून एक, काही कोर्सेसमध्ये पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाच्या शेवटी परीक्षण करून काही मुलांना कमी करतात. आत किती जण आले आणि पदवी घेऊन किती बाहेर पडले हे सरळ विचार, यात संकोच करण्यासारखं काही नाही.

विंगेतून
लाइट्स म्हणालीस म्हणून लिहितेय. सामान किती आहे यापेक्षा त्याला हात कोण लावतं ते बघ. लाइट्स चालवायचा भारी बोर्ड आणि मूव्हिंग लाइट्स असतात पण चालवतो पगारी टेक्निशियन, मुलं फक्त शिडी धरतात, असं असेल तर तिथे तू लाइट शिकणार नाहीस. त्यापेक्षा एखादं साधं ब्लॅक बॉक्स, म्हणजे काळ्या भिंतींचं छोटं थिएटर, थोडे फ्रेनेल, थोडे प्रोफाइल, थोडे पार असे वेगवेगळ्या प्रकारचे स्टेज लाइट्स, आणि ते मुलांनीच टांगायचे, फोकस करायचे, कुठला लाइट कधी बदलायचा त्याची क्यू शीट लिहायची, प्रयोगात क्यू द्यायचे, तिथे जास्त कळतं. प्रोफाइलची कडा शटरने कापायची आणि फ्रेनेलची मऊ कडा बाजूच्या लाइटमध्ये मिसळून घ्यायची हे हाताने केल्याशिवाय डोक्यात बसत नाही. विचार की तिसऱ्या वर्षाला पूर्ण नाटकाची प्रकाशयोजना विद्यार्थ्याच्या नावावर असते का.

आणि वर बघ. प्रत्येक लाइटला सेफ्टी केबल आहे का? शिडीवर कुणी एकटं चढतं का, खाली माणसं वावरत असताना वर काम चालू असतं का? तिथल्या शिस्तीचा अंदाज यावरून लगेच येतो.

तालमीच्या खोलीची जमीनही बघ, हे अभिनयवाल्यांसाठी. थेट काँक्रीटवर रोज उड्या-पडणं म्हणजे गुडघे आणि नडग्या जातात, खाली हवेचा थर सोडून बसवलेली लाकडी जमीन असेल तर फार बरं. आणि खोली संध्याकाळनंतर मुलांना मिळते का, का शिपाई कुलूप लावून जातो, हेही विचारच.

उभी_तालीम
वरचं सगळं पटलं. मला फक्त शिकवण्याबद्दल बोलायचंय कारण माझ्या मते तेच सगळ्यात कमी तपासलं जातं.

आवाज आणि हालचालीचे तास आठवड्याला किती, आणि ते तीनही वर्षं आहेत का फक्त पहिलं वर्ष, हे टाइमटेबल मागून बघ. मग अभिनयाची पद्धत एकच शिकवतात का अनेक. अभिनयाची पद्धत मांडणारा रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्की सगळीकडे असतो पण बऱ्याच ठिकाणी त्याच्या नावावर फक्त "स्वतःचं दुःख आठव आणि रड" एवढंच चालतं. १९३४ साली अमेरिकन अभिनेत्री स्टेला ॲडलर त्याला पॅरिसमध्ये भेटली, त्याच्याबरोबर काम केलं आणि परत जाऊन सहकाऱ्यांना सांगितलं की त्याचा भर प्रसंगातल्या परिस्थितीवर आणि कृतीवर आहे, जुन्या आठवणी उकरण्यावर नाही. म्हणजे हा वाद इतका जुना आहे. जिथे शिक्षक हे फरक समजावून सांगतात, सोबत ब्रेख्त आणि माइझनर यांच्या वेगळ्या पद्धती, लकॉकचं शरीराचं काम यांचीही खरी ओळख करून देतात, तिथे तुला पुढे कुठल्याही दिग्दर्शकाबरोबर काम करता येईल.

आणि "नटाला आधी मोडावं लागतं" असं कुणी अभिमानाने सांगितलं तर तिथून निघ. मी हे अगदी मनापासून लिहितोय. वर्गात अपमान करून चांगला नट तयार होत नाही, घाबरलेला नट तयार होतो, आणि घाबरलेला नट समोरच्याचं ऐकत नाही. जवळीक असलेले किंवा मारामारीचे सीन कसे बसवतात, आधी बोलून, संमती घेऊन, हालचाल ठरवून का "करा काहीतरी" म्हणून, हे मुलींना बाजूला घेऊन नक्की विचार.

रंगवेडी
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, एवढं कुणीच सांगितलं नव्हतं!! एक अडचण आहे, एका कॉलेजात मी जाईन त्या दिवशी वार्षिक नाटकाचा प्रयोग आहे पण त्याच दिवशी दुपारी दुसऱ्या वर्षाची तालीमही आहे. दोन्हीला थांबता येणार नाही, काय बघू?

उभी_तालीम
तालीम. वार्षिक नाटकात त्यांची सगळ्यात चांगली मुलं, महिनोन्महिन्यांचं काम आणि सगळा पैसा दिसतो, रोजचं शिक्षण दिसत नाही. तालमीत बघ की वेळेवर सुरू होते का, आधी वॉर्मअप होतो का, आणि कुणी चुकलं की दिग्दर्शक काय करतो. वाक्य स्वतः म्हणून दाखवून "असं म्हण" सांगतो का "तुला हिच्याकडून काय हवंय" असं विचारतो? ज्यांची त्या सीनमध्ये एन्ट्री नाही ती मुलं मोबाइलवर आहेत का बघतायत?

तिसरी_घंटा
+१, तालीमच. आणि संपल्यावर प्रॉपर्टी, म्हणजे नाटकातलं सामान, आवरायला जी मुलं थांबतात त्यांच्याशी बोल, विभागाने गाठ घालून दिलेल्यांशी नाही. फोटोतल्या एका गाजलेल्या माणसाबद्दल विचारू नकोस, गेल्या तीन बॅचमधली बाकीची सगळी आता काय करतात ते विचार.