मदत हवी आहे: प्रवासात स्ट्रीट आर्ट शोधताना चित्र अजून भिंतीवर आहे की नाही हे आधी कसं कळेल?

नमस्कार मंडळी,

धागा जरा लांबतोय पण प्रश्न एकच आहे. एखादं नावाजलेलं भित्तिचित्र आज त्या जागेवर आहे की नाही, हे तिकडे जायच्या आधी खात्रीने कसं कळतं?

झालं असं की बर्लिनला गेले तेव्हा ब्लू या इटालियन कलाकाराची क्रॉइझबर्गमधली दोन चित्रं बघायचीच असं ठरवून गेले होते. एका भिंतीवर डोकं नसलेला माणूस, दोन्ही मनगटांवर सोन्याची घड्याळं, ती घड्याळं साखळीने एकमेकांना जोडलेली म्हणजे बेड्याच, आणि त्या हातांनी तो टाय सरळ करतोय. फोटोत बघूनच वेड लागलं होतं. पत्ता एका प्रवासाच्या ब्लॉगवरून घेतला, तिथे पोचले तर चित्राचा मागमूस नाही. रूमवर येऊन वाचलं तेव्हा कळलं की डिसेंबर २०१४ मध्येच एका रात्रीत दोन्ही भिंती काळ्या रंगाने पुसून टाकल्या होत्या, आणि ते चक्क ब्लूच्याच संमतीने! त्या जागेवर नवीन बांधकाम येणार होतं, चित्रांच्या नावावर जागेचा भाव वाढायला नको म्हणून. कारण पटलं, खरंच पटलं, पण अर्धा दिवस गेला आणि फार चुटपुट लागली.

तेव्हापासून माझी पद्धत अशी आहे. आधी गुगल स्ट्रीट व्ह्यू उघडून कोपऱ्यातली तारीख बघते, मग इन्स्टावर त्या जागेचं लोकेशन टाकून सगळ्यात ताजे फोटो चाळते. ओपनस्ट्रीटमॅपवर लोक भित्तिचित्रांची वेगळी नोंद करतात ती पण उपयोगी पडते, आणि स्ट्रीट आर्ट सिटीज नावाचं अ‍ॅप आहे त्यात नकाशावर खुणा असतात. पण गल्लीबोळातल्या भिंतींपर्यंत स्ट्रीट व्ह्यूची गाडी पोचतच नाही आणि इन्स्टावर लोक जुने फोटो आज टाकतात, मग सगळा अंदाजपंचे कारभार होतो.

जी चित्रं कोणीतरी जपलीयत तिथे ही भानगड नाही. पिसाला मी झुकता मनोरा सोडून पहिली स्टेशनजवळच्या चर्चमागे गेले, कीथ हेरिंग या अमेरिकन कलाकाराचं तुत्तोमोंदो हे भित्तिचित्र बघायला. १९८९ चं काम आहे, पुढच्याच वर्षी तो गेला. ३० आकृत्या एकमेकींत अशा अडकवल्यात की एकीचा पाय संपतो तिथे दुसरीची पाठ सुरू होते, आणि एका ठिकाणी दोन माणसं मिळून कात्री झालीयत आणि साप कापतायत, ती कात्री मला पहिल्यांदा दिसलीच नाही, बराच वेळ उभी राहिल्यावर दिसली. मलेशियात पेनांगला जॉर्ज टाऊनमध्ये अर्नेस्ट झाखारेविच या कलाकाराची २०१२ ची दोन मुलं आहेत, मुलं भिंतीवर रंगवलेली पण सायकल खरी, भिंतीला लावून ठेवलेली. सकाळी लवकर जा, नंतर फोटोसाठी रांग लागते.

बर्लिनच्या ईस्ट साइड गॅलरीबद्दल, म्हणजे बर्लिन भिंतीच्या उरलेल्या रंगवलेल्या तुकड्याबद्दल, एक सांगते. भिंत १९९० मध्ये रंगवलीय हे खरं, पण सोव्हिएत नेता ब्रेझनेव्ह आणि पूर्व जर्मनीचा होनेकर यांच्या चुंबनाचं जे चित्र आज दिसतं ते मूळ चित्रकार व्रुबेलनेच २००९ मध्ये पुन्हा रंगवलेलं आहे. मला तरी त्याने काही फरक पडला नाही, काहींना पडतो.

उलट मेलबर्नची होसियर लेन किंवा लंडनचा लीक स्ट्रीटचा बोगदा इथे ठराविक चित्र शोधायला जाऊच नये असं माझं मत झालंय. तिथे रंगावर रंग चढतच असतो, जे दिसेल ते बघायचं. आणि इन्व्हेडर या फ्रेंच कलाकाराच्या टाइल्सची भिंतीवरची चित्रं! पॅरिसमध्ये १९९८ पासून लावतोय, बऱ्याचशा अगदी उंचावर, मान वर ठेवून चालावं लागतं. त्याचं फ्लॅशइन्व्हेडर्स अ‍ॅप सापडलेल्या टाइलचे पॉइंट्स देतं पण टाइल कुठे आहे ते सांगत नाही, त्यामुळे शोधायची मजा टिकून राहते.

आता मुद्द्याची मदत. पुढचा प्रवास ब्रिस्टल आणि लिस्बनचा आहे. ब्रिस्टलला बँक्सीचं खिडकीला लटकलेल्या प्रियकराचं २००६ चं चित्र आहे, ते पार्क स्ट्रीटच्या पुलावरून दिसतं असं वाचलंय. त्यावर २००९ मध्ये कोणीतरी निळे पेंटबॉल मारले होते, ते डाग अजून तसेच आहेत का? लिस्बनला बोर्दालो द्वितीय या कलाकाराचा बेलें भागातला रॅकून प्राणी बघायचाय, टायर, बंपर असल्या टाकाऊ सामानाचा केलेला, आणि विल्स या दुसऱ्या कलाकाराचे ते प्लास्टर फोडून कोरलेले चेहरे. रंग नसून भिंतच खोदलेली असते म्हणून ते टिकत असतील असा माझा अंदाज, पण इमारतच पाडली तर?

गेल्या वर्षभरात कोणी या दोन शहरांत जाऊन आलं असेल तर प्लीज काय दिसलं, काय दिसलं नाही, दोन्ही लिहा. फोटो टाकलात तर कुठल्या महिन्यात काढला तेही लिहा, माझ्यासाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. आणि स्थानिक लोकांबरोबरची चालत फिरायची टूर घेतलेली कोणी असेल तर त्यांना आजची खबर खरंच असते का, की ठरलेल्या दहा भिंती दाखवून सोडतात?