तान्हं बाळ दत्तक घ्यायचंय : 'कारा'ची रांग की ओळखीतलं बाळ?

शहापूरची_सून (धागाकर्ती)
लग्नाला अकरा वर्षं झाली. आयव्हीएफच्या दोन खेपांत सासऱ्यांचं माळाचं रान गेलं. 'कारा'च्या (दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची यंत्रणा) पोर्टलवर नाव घालून तिसरं वर्ष चाललंय, एक फोन नाही. आता ओळखीतली एक आयाबाई म्हणते, बेळगावजवळच्या खानापूरकडची एक लग्न न झालेली मुलगी श्रावणात बाळंत व्हायची आहे. दोन लाख द्या, दवाखान्यात डिलिव्हरी तुमच्याच नावावर दाखवू, बाळ पहिल्या दिवसापासून तुमचं. पूर्वी असंच व्हायचं की ओ! मुलीची अब्रू वाचते, बाळाला घर मिळतं, आमची कूस भरते. यात वाईट कुणाचं होतंय ते मला खरंच समजत नाही.

टिळकवाडी_वकील
वाईट तुमचंच होईल. बाल न्याय कायदा २०१५, कलम ८१ : मूल विकणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी, वर एक लाख दंड. दवाखान्यातलं माणूस त्यात असेल तर त्याला किमान तीन, कमाल सात वर्षं. शिवाय खोटा जन्मदाखला. तो पुढे शाळेत, पासपोर्टला सगळीकडे चालेल. खरं त्या आयाबाईचं तोंड तुम्ही जन्मभर बंद कसं ठेवणार? दोन लाख हा फक्त पहिला हप्ता समजा.

आणि एक लक्षात घ्या. आईनं बाळ बाल कल्याण समितीकडे सोपवलं तरी तिला मन बदलायला ६० दिवस असतात. टाकलेलं बाळ दोन वर्षांच्या आतलं असेल तर पालकांचा शोध घ्यायला दोन महिने. म्हणजे 'कारा'कडून आठ दिवसांचं बाळ मिळतच नाही. कोणी पैसे घेऊन देत असेल तर ती खरेदी.

जांबोटी_रस्ता
वकीलसाहेब, कलमं पाठ आहेत, रांगेत मात्र तुम्ही नाही. आम्ही नोंदणीला उशीर केला, दोघांची वयं मिळून ८५च्या वर, म्हणजे दोन वर्षांखालचं बाळ नाहीच. चौकशीला एका कचेरीत गेलो तर अर्ज कन्नडमध्ये आणा म्हणून दोनदा परत पाठवलं. त्या मुलीचाही विचार करा. पोट दिसायला लागलं की गावात तिचं काय होतं ते मी बघितलंय. ती कुठल्या समितीपुढे जाऊन उभी राहणार? कायदा शहरात बसून लिहिलेला आहे.

वडगाव_हातमाग
+१. सरकारी काम, सहा महिने थांब. इथं तर सहा वर्षं.

निपाणीकर_आई
थांबलेली बाई बोलते आहे, ऐका. आम्हाला साडेतीन वर्षं लागली. खर्च सांगते, कारण इथं कोणीच सांगत नाही : नोंदणीला पैसे नाहीत, गृहभेटीच्या अहवालाला ६,०००, बाळ सांभाळणाऱ्या संस्थेला बालसंगोपन निधीचे ५०,०००, नंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी भेट, प्रत्येकी २,०००. सगळ्याची पावती. तुमच्या आयाबाईला पावती मागून बघा!

गृहभेटीला आलेल्या बाईंनी कपाटं नाही उघडली. सासूबाईंना एवढंच विचारलं, "बाळ देवघरात रांगत गेलं तर चालेल ना?" सासूबाई चिडल्या, मग रडल्या. पुढे पोर्टलवर फोटो आला, ४८ तासांत बाळ आपल्यासाठी राखून ठेवायचं असतं. यांचा हात थरथरत होता, बटण मीच दाबलं. बाळ पाच महिन्यांचं होतं. पायात संस्थेचं लोकरीचं एकच मोजं, दुसरं गाडीत पडलं ते आजतागायत सापडलं नाही. सप्टेंबर २०२२ पासून कोर्टाऐवजी डीसीसाहेबच (जिल्हाधिकारी) दत्तकाचा आदेश काढतात, त्यावर जन्मदाखल्यात आमची नावं लागली. पाच महिने हुकले म्हणून मी कमी आई झाले नाही.

जांबोटीवाले, त्या मुलीसाठी : १०९८ वर (मुलांसाठीची मदतवाहिनी) फोन करता येतो, आणि बाल कल्याण समितीपुढे तिचं नाव गुप्त राहतं. गावात राहील का, हा तुमचा प्रश्न मात्र खरा आहे.

चिकोडी_पाटील
घरातलं का नाही घेत? जाऊबाईंचं, नणंदेचं. १९५६च्या हिंदू दत्तक कायद्यानं देणाऱ्या आईबापांची दोघांची संमती, दत्तकपत्र सब-रजिस्ट्रारकडे नोंदवायचं, झालं. पैशाची देवघेव मात्र त्यातही गुन्हाच. आमच्या आजोबांना असंच चुलत्यांनी घेतलं होतं.

टिळकवाडी_वकील
आणि नंतर जमिनीवरून किती वर्षं कोर्टात होता? आपल्या जिल्ह्यात दत्तकाची भांडणं नवी नाहीत. १८२४ साली कित्तूरच्या राणी चन्नम्मांनी शिवलिंगप्पाला दत्तक घेतलं, ते इंग्रजांनी मानलं नाही, म्हणून तर तोफा निघाल्या. मार्ग कायदेशीर आहे, नाकारत नाही. फक्त सख्खी आई समोरच्या खोलीत राहणार, हे धरून चाला.

चिकोडी_पाटील
बावीस वर्षं होतो कोर्टात. खरं आजोबा दोन्ही आयांना आई म्हणायचे.

शहापूरची_सून
सगळं वाचलं. निपाणीच्या ताई, त्या मोज्यावर अडकले. काल आयाबाईला फोन केला, पैशाचं काही बोलले नाही. एवढंच विचारलं, बाळंतपणानंतर त्या मुलीला दोन महिने विचार करायला दिले तर चालेल का. ती हसली. म्हणाली, "ताई, गिऱ्हाईक थांबलंय माझ्याकडे, गोव्याचं."

मी फोन ठेवला. हे अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.